पाचही वेळा उजवीकडे

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण टीव्हीवर फुटबॉलचा एखादा सामना बरोबरीत सुटून पेनल्टीवर गेला की मी अजूनही उठून दुसऱ्या खोलीत जातो. घरात सगळे हसतात. बायको म्हणते, "उभी नोकरी चोर-दरोडेखोरांमागे धावण्यात गेली, आणि आता ह्या चेंडूला घाबरता?" चेंडूला मी घाबरत नाही. त्या चेंडूवरून एक प्रकरण आठवतं, ज्यात एका सरळ माणसाची नोकरी माझ्या पेनाच्या टोकावर चार दिवस लटकत राहिली होती. नावं कुणाचीच लिहीत नाही. माणसं अजून तिथेच राहतात आणि एकमेकांशी नीट बोलतात, ते तसंच राहू दे.

त्या वेळी मी वेल्ह्याकडच्या डोंगरपट्ट्यात एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. अशा ठाण्यात काम काय असतं हे शहरातल्या लोकांना सांगून पटत नाही. बांधावरची भांडणं, गडावर वाट चुकलेले पर्यटक, जत्रेचा बंदोबस्त, धरणाच्या पाण्यात उतरणारे हौशी लोक. सकाळी ठाणे अंमलदार स्टेशन डायरी पुढे ठेवायचा, मी बिनसाखरेचा चहा पीत ती वाचायचो. डायरीत 'निरंक', म्हणजे काही घडलं नाही, असं दिसलं की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळायचो, कारण बघितलं की दुपारपर्यंत काहीतरी उपटतंच असा आमचा अनुभव होता.

आमच्या हद्दीतल्या एका डोंगरी गावात फुटबॉल पोचला होता तो एका गुरुजींमुळे. गुरुजींनी तिथल्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. भाताची कापणी झाली की गावातलं एक मोठं खाचर सारखं करून, बांबूचे खांब रोवून ते पोरांना खेळायला लावायचे. भाताची धसकटं पायाला टोचतात, म्हणून त्या गावचे खेळाडू चेंडू जमिनीवर फार ठेवतच नसत, वरच्या वर खेळत. परीक्षेच्या तोंडावर कुणी देवळाकडे निघालं तर गुरुजी त्याचा कान धरून परत आणतात आणि अभ्यासाला बसवतात, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्तीनंतरही संघ त्यांचाच होता. त्या वर्षी हा संघ पहिल्यांदाच भोरच्या कपाच्या अंतिम सामन्यात पोचला. समोर भोर शहराचा संघ.

सामना भोरला, पण आमच्याकडून टेम्पो भरभरून माणसं येणार म्हणून बंदोबस्ताला माझी चार माणसं आणि मी गेलो होतो. रविवारची दुपार. मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. मी मैदानाकडे पाठ करून लोकांकडे बघत उभा होतो, तेच आमचं काम. एक-एक अशी बरोबरी झाली आणि सामना पेनल्टीवर गेला, तेव्हा मात्र मीही वळलो. खोटं कशाला सांगू.

भोरच्या पहिल्या खेळाडूने चेंडू मारला, आणि आमच्याकडच्या गोलकीपरने उजवीकडे झेप घेऊन तो अडवला. आमची माणसं नाचायला लागली. त्यानंतर भोरच्या चौघांनी चारही चेंडू त्याच्या डावीकडे मारले, आणि हा पठ्ठ्या चारही वेळा उजवीकडेच झेपावला. शेवटचा चेंडू तर इतका सावकाश गेला, की जागेवर नुसता उभा राहिला असता तरी पायाने अडवला असता. भोरचे चार गोल झाले. आमच्या संघाचे तीन झाले होते आणि एक फटका खांबाला लागून गेला होता. शेवटचा फटका संघाचा कप्तान घेणार होता. त्याने तो खांबावरून थेट मागच्या चिंचेत घातला. सामना गेला.

मग कुणीतरी ओरडलं, "किपर फुटला." तेवढं एक वाक्य टेम्पोत बसून गावापर्यंत गेलं. कप्तानाचा चिंचेतला चेंडू मात्र कुणाला आठवला नाही.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास पंधरा-वीस माणसं ठाण्यात आली. पुढे कप्तान. हातात तक्रार अर्ज, तीन पानी. मला लांबलचक अर्जांचा तिटकारा आहे, पण वाचला. गोलकीपरने समोरच्या संघाशी संगनमत करून सामना मुद्दाम सोडला, सबब त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा नोंदवावा, असं म्हणणं होतं. कारणही दिलं होतं. भोरच्या संघाला आश्रय देणाऱ्या एका कारखानदाराच्या कंपनीत, सारोळ्याजवळ, हा गोलकीपर कंत्राटावर कामाला होता. त्याला कायम करण्याचं आमिष दाखवलं गेलं, असा आरोप होता. खाली सह्या होत्या. पहिली सही गुरुजींची.

गुरुजी मागे भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"गुरुजी, तुम्हालाही असंच वाटतं?" मी विचारलं.

"अर्जात लिहिलं आहे ते," एवढंच ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

आता कायद्याने बघितलं तर गावच्या कपावरून असा गुन्हा उभा राहणं अवघड. दुसऱ्या कुठल्या वेळी मी त्यांना चहा पाजून घरी पाठवलं असतं. पण माझ्या टेबलाच्या खणात एक कागद होता आणि तो मला स्वस्थ बसू देईना. हाच गोलकीपर पोलीस भरतीत उतरला होता. धावणं, गोळाफेक, लेखी, सगळं पार करून निवड यादीत नाव आलं होतं. आधीच्या दोन भरत्यांत थोडक्यात हुकला होता आणि पुढच्या वर्षी वयाच्या अटीत बसणार नव्हता. वडील नव्हते, घरी आई आणि दोन खाचरं. त्याच्या चारित्र्य पडताळणीचा फॉर्म माझ्याकडे आला होता आणि शुक्रवारपर्यंत माझ्या अभिप्रायासह वर जायचा होता. त्यात एक रकाना असतो: या इसमाविरुद्ध काही तक्रार अथवा चौकशी प्रलंबित आहे काय? तिथे मी 'होय' लिहिलं की त्याची फाईल कुठल्या कपाटात जाऊन पडेल हे मला चांगलं ठाऊक होतं. आणि 'नाही' लिहावं, तर वीस माणसांच्या सह्यांचा अर्ज समोर. अर्ज आवक करून घेतला आणि प्राथमिक चौकशी स्वतःकडे ठेवली.

त्याच दिवशी दुपारी सारोळ्याहून फोन आला. महामार्गावर एक हॉटेलवाला आहे, माझा जुना माणूस. कोण कुणाबरोबर चहा प्यायलं हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. तो म्हणाला, "साहेब, त्यो तुमचा किपर गुरवारी हितं आल्ता. कंपनीच्या मालकासंगं बसल्याला. मालकानं कागद दिला त्येच्या हातात. म्या सोता बघितला."

सामन्याच्या तीनच दिवस आधी. आणि कागद. माझ्या मनात तिथेच निकाल लागला, हे आता कबूल करतो. तीस वर्षांच्या नोकरीत एक वाईट सवय लागते. दोन गोष्टी जुळल्या की तिसरी आपण आपल्या पदरची घालतो.

मंगळवारी त्याला बोलावलं. उंच, हाडापेराने मजबूत, मान खाली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात पडताळणीचे सगळे कागद. त्याला वाटलं होतं, त्याचसाठी बोलावलंय. मी अर्ज वाचून दाखवला तेव्हा त्याचा चेहरा उतरला. पिशवीतून एक दाखला काढून त्याने माझ्यापुढे ठेवला. कंपनीत काम केल्याचा दाखला, गुरुवारची तारीख.

"ह्यो आनायला गेल्तो, साहेब. पडताळनीला लागतो म्हनून."

मी मालकाला फोन लावला. त्यानेही तेच सांगितलं. पण ज्याच्यावर संशय, त्याचाच खुलासा. त्याला किंमत किती द्यायची? दाखला काढताना पिशवीतून एक कागदाची पुडी खाली पडली होती. त्यात वाळलेलं पांढरं फूल होतं. त्याने ते उचललं, डोळ्यांना लावलं आणि परत ठेवलं. मी ते बघितलं आणि त्याचा काही विचार केला नाही. दारात आमच्या हवालदार बाई उभ्या होत्या. त्यांनीही बघितलं.

"बरं, दाखल्याचं राहू दे," मी म्हणालो. "पाचही वेळा एकाच बाजूला गेलास. सामना सोडायला कुणी सांगितलं होतं?"

"कुनी न्हाई, साहेब."

"मग असा का खेळलास?"

तो गप्प. त्या गप्प बसण्यानेच माझं डोकं फिरलं. निर्दोष माणूस बोलतो, हातवारे करतो, शपथा घेतो, असा माझा समज होता. हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. मी पुन्हा विचारलं, सामना सोडायला कुणी सांगितलं? कुनी न्हाई. मी चहा मागवला, त्याने घेतला नाही. पुन्हा तोच प्रश्न. मारहाण मी आयुष्यात केली नाही. मला तिची गरजही वाटायची नाही. एकच प्रश्न, एकाच आवाजात, माणूस थकेपर्यंत विचारायचा, ही माझी पद्धत. वरिष्ठ तिचं कौतुक करायचे आणि मलाही तिचा अभिमान होता.

बुधवारी सकाळी परत बोलावलं. परत तेच. साडेबाराच्या सुमारास त्याने वर बघितलं. डोळे लाल.

"साहेब, तुमी म्हनाल तसं लिवा. म्या सही करतो."

मी कोरा कागद पुढे ओढला आणि वर 'जबाब' असं लिहिलंही. पेन पुढच्या ओळीवर टेकणार, तेवढ्यात हवालदार बाई आत आल्या.

"साहेब, आधी जेवून घ्या. सही काय पळून जातीय व्हय?"

या बाई मूळच्या हिर्डोशीकडच्या. वरंध घाटाच्या वाटेवरचं गाव, एसटी चुकली की चालत जायचं, अशा ठिकाणी वाढलेल्या. ठाण्यात त्यांच्याएवढी माणसं ओळखणारं कुणी नव्हतं, मी धरून. त्यांनी त्याला बाहेर बाकावर बसवलं, भाकरीचा डबा त्याच्यापुढे ठेवला आणि माझ्या खोलीत येऊन दार लोटलं.

"म्या कालपास्नं बघतीय," त्या म्हणाल्या. "तुमी त्याला एकच इचारताय. ते फूल बघितलं न्हाई का तुमी?"

"फुलाचं काय?"

त्यांनी मोबाईल काढला. सामन्याचं चित्रण गावोगाव फिरत होतं. पेनल्टीचा भाग त्यांनी लावला आणि चेंडू न दाखवता मला गोलकीपर दाखवला. प्रत्येक फटक्याआधी तो उजवा हातमोजा कपाळाला लावत होता. पाचही वेळा.

"मोज्यात फूल हाय ते. कौलाचं. ह्येच्यासाठी कुनीतरी देवीला कौल लावलाय, साहेब. आमच्याकडं बी असंच. कौल लावला की त्यो बाहेर बोलायचा न्हाई, आन् मधी मोडायचा न्हाई. सामना इकलेला मानूस मोजा कपाळाला कशाला लावंल?"

वाचकांपैकी ज्यांना कौल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या गावात देवीच्या पाषाणाला पाण्याने दोन फुलं चिकटवतात, एक पांढरं, एक तांबडं. प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. पांढरं आधी पडलं तर देवीचा होकार, तांबडं पडलं तर नकार. पडलेलं फूल ज्याच्यासाठी विचारलं त्याने जवळ ठेवायचं.

मला स्वतःला यातलं काही पटत नाही. पण पटण्या न पटण्याचा प्रश्नच नव्हता. दोन दिवस मी ज्याला दगाबाज समजत होतो, तो माणूस शब्द पाळत बसला होता, अशी एक शक्यता बाईंनी माझ्यापुढे ठेवली होती. मी 'जबाब' लिहिलेला कागद फाडला. त्याला म्हटलं, घरी जा. तो पिशवी उचलून गेला.

गुरुवारी सकाळी बाईंना घेऊन गावात गेलो. जीप खाली ठेवून चढ चालत गेलो. देऊळ गावाच्या वरच्या अंगाला, आणि गुरव पायरीवर बसून फुलं निवडत होता. म्हातारा माणूस. मी प्रश्न विचारल्यावर त्याने सरळ हात जोडले.

"कौलाचं बाहेर बोलत न्हाईत, साहेब."

मी दरडावायला तोंड उघडणार होतो. बाईंनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि त्या पायरीवर त्याच्या शेजारी बसल्या. थोडा वेळ त्याही फुलं निवडत राहिल्या.

"बाबा, उद्या त्येची नोकरी जानार," त्या म्हणाल्या. "त्येची आई तुमच्याच गल्लीत ऱ्हाती नव्हं?"

"व्हय."

"काय म्हनती?"

गुरवाचा हात थांबला. "काय म्हननार. दार लावून बसलीय. पानवट्यावर बायका बोलत न्हाईत तिच्यासंगं." हातातलं फूल त्याने बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "सामन्याच्या आदल्या दिशी गुरुजी आल्ते."

"कोण गुरुजी?" मी विचारलं. दुसरे कुठले गुरुजी त्या गावात नव्हतेच, तरी विचारलं.

"आपले गुरुजी. कंदी देवळात न येनारे. म्हनले, कौल लाव. उद्या सामना पेनल्टीवर गेला तर किपरनं परत्येक बॉलाला उजव्या अंगालाच उडी घ्यावी का, असं इचार. म्या लावला. तांबडं फूल पडलं. म्या म्हनलं, गुरुजी, देवी न्हाई म्हनती. तर म्हनले, परत लाव. एका गोष्टीला एकदाच लावायचा असतो, साहेब. पर गुरुजींनी रातच्या वर्गात मला बाराखडी शिकिवली, त्येंना न्हाई कसं म्हनू? परत लावला. परत तांबडंच. तिसऱ्यांदा लावला तवा पांढरं पडलं. गुरुजींनी ते उचललं आन् गेले."

बाई उठून देवीपुढे गेल्या आणि हात जोडून आल्या. मी तिथेच उभा होतो. माझ्या डोक्यात गुरवाचं एकच वाक्य घोळत होतं: एका गोष्टीला एकदाच लावायचा असतो.

गुरुजी घरी पडवीत बसले होते. आम्हाला बघून उठले आणि आत जाऊन एक वही घेऊन आले. मी काही विचारलंच नव्हतं. वहीत भोरच्या संघाचा उपांत्य सामना टिपलेला होता. तोही पेनल्टीवर गेला होता. कुणी कुठे चेंडू मारला, सगळं आखून. पाचपैकी चार फटके गोलकीपरच्या उजवीकडे.

"मी हिशेबाने सांगत होतो त्याला," गुरुजी म्हणाले. "तो ऐकेना. म्हणाला, गुरुजी, मी समोरच्याचा पाय बघून उडी घेतो, वहीत बघून नाही. आणि त्याचं बरोबर होतं. पण मला ते पटलं नाही. पंचवीस वर्षं या एका सामन्याची वाट बघितली हो मी. तो माझा शब्द मोडेल, पण देवीचा मोडणार नाही, हे मला माहीत होतं."

"म्हणून देवीला मध्ये घातलंत."

"हो."

"आणि दोनदा नाही म्हणाली, ते?"

"त्याला सांगितलंच नाही. फूल दिलं, आणि कुणाजवळ बोलू नकोस म्हणालो."

मला राग आला होता, आणि त्या माणसाकडे बघून वाईटही वाटत होतं. दोन्ही एकदम. "मग अर्जावर सही का केलीत, गुरुजी? तीही पहिली?"

"पोरांनी कागद पुढे केला. सही केली नसती तर का नाही, असं विचारलं असतं. ज्या पोरांना कान धरून देवळातून परत आणलं, त्यांना काय सांगणार होतो? मला वाटलं, ठाण्यात दोन दिवस बोलावतील आणि देतील सोडून." त्यांनी वही मिटली. "तो काहीच बोलला नाही का तुमच्याजवळ?"

"एक शब्द नाही. उलट, तुम्ही म्हणाल ते लिहा, सही करतो म्हणाला. उद्या त्याचा फॉर्म जायचा आहे. पुढच्या वर्षी त्याचं वय बसत नाही."

गुरुजींनी पायात चपला घातल्या. म्हणाले, "चला. पण ठाण्यात नको. जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोलतो."

दुपारी देवळापुढे गाव जमला. कप्तान होता, संघ होता, मागे बायका. गोलकीपरला बाई जाऊन घेऊन आल्या. त्याची आई त्याच्या मागोमाग आली आणि कडेला उभी राहिली. गुरुजी उभे राहून बोलले. वर्गात बोलायचे तसंच, सरळ, काही न लपवता. कौल कुणी लावला, किती वेळा लावला, फुलं कुठली पडली, सगळं.

गोलकीपर गुरुजींकडे बघत होता.

"देवी न्हाई म्हनली व्हती?"

"दोनदा."

तो पायरीवर खाली बसला. "मला वाटत व्हतं, बोललो तर लोक देवीला खोटं म्हनतील. मला फितूर म्हनले तर म्हनू द्या. देवीला कशाला बोल." आणि मग, खालच्या आवाजात, "तिसऱ्या बॉलाला मला दिसत व्हतं, गुरुजी. त्येचा पाय दिसत व्हता. डावीकडंच येनार, हे कळलं व्हतं. तरी उजवीकडं गेलो."

तो रागाने बोलला नाही. रागाने बोलला असता तर गुरुजींना सोपं गेलं असतं. गुरुजी त्याच्यापुढे आले आणि त्यांनी हात जोडले. गोलकीपर पटकन उठला, त्याने ते जोडलेले हात धरून खाली केले आणि तसेच धरून ठेवले. त्याची आई पदराने डोळे पुसत होती. माझ्या शेजारी हवालदार बाई दुसरीकडे बघत होत्या, आणि मी टोपी नीट करत होतो.

मग कप्तान पुढे आला. मला वाटलं, आता हा काहीतरी वाद घालणार. तो म्हणाला, "साहेब, अर्ज परत घ्यायचा तर कागद लागतो का?" मी म्हटलं, लागतो. "तर द्या." आणि गोलकीपरकडे न बघता म्हणाला, "माजा तर पार चिंचंत गेल्ता." तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

अर्जावर सह्या करणाऱ्या सगळ्यांचे जबाब देवळाच्या पायरीवरच घेतले. गुरुजींचा सगळ्यात लहान, चार ओळींचा. अर्ज निकाली काढला, स्टेशन डायरीला तशी नोंद केली. शुक्रवारी सकाळी चहा घेतला, फॉर्म पुढे ओढला आणि त्या रकान्यात 'निरंक' लिहिलं. नोकरीत हा शब्द हजारो वेळा लिहिला असेन, पण त्या दिवसाइतक्या सावकाश कधी लिहिला नाही.

आता शिकलो काय, ते सांगतो. गप्प बसणारा माणूस स्वतःचंच काहीतरी लपवत असतो असं नाही, हे शिकलो. पण ते कुणीही सांगेल. मला जास्त लागलं ते दुसरंच. गुरुजींवर मी मनातून चिडलो होतो, की देवीने एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा पुन्हा विचारलंच कशाला. आणि मी तरी दोन दिवस काय करत होतो? सामना सोडायला कुणी सांगितलं, असं मी विचारलं. कुणी नाही, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. ते खरंच होतं. सामना सोड असं त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. मला ते उत्तर नको होतं, म्हणून मी विचारतच राहिलो, पांढरं फूल पडेपर्यंत. आणि पडलंही. सही करतो म्हणाला. बाई जेवायचं निमित्त करून आत आल्या नसत्या तर मीही ते उचलून चालू पडलो असतो. त्याआधीच्या वर्षांत मी असे किती जबाब घेतले असतील, हा विचार निवृत्तीनंतरच्या रिकाम्या दुपारी येतो, आणि तो सुखाचा नाही.

गेल्या दिवाळीत तो भोरला माझ्या घरी आला होता. अंगावर वर्दी, हातात आईने दिलेली नाचणीच्या पिठाची पिशवी. गावचा संघ चालू आहे म्हणाला. गुरुजी खाचराच्या बांधावर बसून ओरडतात, पण गोलकीपरला काही सांगत नाहीत. मी विचारलं, काम कसं चाललंय. म्हणाला, आता चौकशीच्या वेळी साहेब त्याला सोबत बसवतात, कधीकधी विचारायलाही सांगतात.

"मग? कसा विचारतोस?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. माझ्याकडे बघून थोडा हसला, आणि मला कळलं की त्याला तो बुधवार चांगला आठवतोय.

"एकदाच इचारतो, साहेब," तो म्हणाला. "मंग त्यो काय सांगतोय ते ऐकतो."